तळ्यावरची ओ

त्या वर्षी माझे कान बिघडले होते. पावसाळ्यात हिवतापानं धरलं आणि श्रावण-भाद्रपद मी अंथरुणातच काढले. सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या यायच्या. त्या कडू औषधानं ताप उतरला, पण कानात एक घणघण बसली ती बसलीच. कुणी तरी लांबवर घंगाळावर लाकडानं ठोकतंय, असं दिवसभर वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हे औषध असं करतं, हळूहळू जाईल, तोवर गोंगाटापासून लांब राहा.

गोंगाटापासून लांब राहायला आमचं घर सोयीचं नव्हतं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मास्तरांच्या बदल्यांचे हुकूम कुठून कुठून यायचे. हे मास्तर असल्यानं तशाच एका हुकमानं आम्ही देऊळगाव राजाला आलो होतो. भाड्याचं घर बालाजीच्या देवळाच्या वाटेवर. आश्विनात यात्रा लागली की जालन्याकडून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, बैलगाड्यांची रांग लागायची. ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे आमच्याकडे उतरायचे. अंगणात चुली पेटायच्या, पडवीत माणसं झोपायची. बाहेर वाजंत्री, आत भांडी. एका संध्याकाळी पितळी परात दगडावर पडली आणि मी कान दाबून न्हाणीत जाऊन बसले, ती बाहेर यायलाच तयार होईना.

सासूबाईंनी दार वाजवलं नाही. त्या यांना म्हणाल्या, "हिला घेऊन जा कुठं तरी चार दिवस. पाहुण्यांचं मी बघते."

यांची साखरखेर्ड्याकडच्या एका पाटलांशी ओळख होती. पाटलांच्या शेताला लागून एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठावर लाकडी फळ्यांची एक खोली. कुणा साहेबानं बदकांच्या शिकारीसाठी ती बांधून घेतली होती. साहेब गेला, खोली राहिली. आसपासचे लोक तिला बंगली म्हणत. पाटील म्हणाले, "खुशाल राहा. तिथं कोणी फिरकत नाही."

आम्ही सिंदखेडवरून दुसरबीडला आलो आणि तिथून गाडीवाटेनं तळ्यावर पोचलो. वाट बंगलीच्या मागच्या दारावरूनच जात होती. पुढं मात्र नुसतं पाणी. तळं काठोकाठ भरलेलं होतं. ओसरीचे पुढचे खांब पाण्यात उभे होते आणि ओसरीवर पाय सोडून बसलं की तळव्यांना गारवा लागायचा. पलीकडचा काठ नीट दिसायचा, पण माणूस ओळखता येऊ नये इतका लांब होता. तिकडं बाभळी होत्या, मागं ज्वारी, आणि काठाजवळच्या पाण्यावर शिंगाड्याच्या पानांचा हिरवा गालिचा. गाडीवान आम्हाला उतरवून परत गेला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच एका घरात राहिलो.

जवळच एका माळ्याचा मळा होता. माळीण सकाळ-संध्याकाळ दूध आणि वांगी, मेथी, जे निघेल ते आणून द्यायची. एरवी कुणी नाही. हे शाळेतलं गणिताचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसायचे आणि ते न वाचता पाण्याकडं बघायचे. मी स्वयंपाक करायची आणि झोपायची. कानातली घणघण होतीच, पण आता तिच्यावर दुसरं काही आदळत नव्हतं.

पहिल्याच दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आश्विनातलं ऊन पाण्यावर पसरलं होतं, डोळे दिपत होते. हे आत आडवे झाले होते. तेवढ्यात पलीकडून एका बाईची हाक आली.

"अवो, या जेवाले!"

इतकी स्पष्ट, की जणू ती शेजारच्या पडवीतून बोलत होती. आणि लगेच एका पुरुषाची ओ आली.

"आलो वं!"

नवलाची गोष्ट ही, की तेवढ्यापुरती माझ्या कानातली घणघण थांबली. महिनाभरात पहिल्यांदा मला खरी शांतता ऐकू आली. ती 'आलो वं' त्या शांततेत उमटली, विरली, आणि मग घंगाळ पुन्हा वाजू लागलं. माझे कान तसे विश्वासाचे नव्हतेच. मी यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला हेही ओसरीवर होते. हाक आली. ओ आली. यांनी पुस्तकातून मान वर केली.

"तुम्हालाही ऐकू आलं?" मी विचारलं.

"यायचंच. पाण्यावरून आवाज लांब जातो. तिकडं कुणी शेतकरी जोडपं असेल."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. "बघा, ती एकदा हाक मारते आणि तो लगेच ओ देतो. तुम्हाला मी तीनदा बोलावते तेव्हा कुठं तुमचं पुस्तक मिटतं."

"त्याच्यापुढं गणित नसेल," हे म्हणाले.

मग तो आमचा खेळच झाला. आम्ही ओसरीवर बसून त्या हाकेची वाट बघायचो. त्या जोडप्याला आम्ही मनानंच एक घर दिलं, दोन म्हशी दिल्या. त्याला थोडा आळशी ठरवला, तिला थोडी तापट. बाईच्या आवाजात खरोखरच रोज वेगळं काही असायचं. एके दिवशी ती कंटाळलेली वाटली, एके दिवशी लाडीगोडीनं बोलावल्यासारखी, एके दिवशी तिचा घसा बसलेला होता. पुरुषाचा आवाज मात्र तसाच. तोच सूर, तीच लांबी, आणि 'आलो'च्या आधी श्वास घेतल्याचा तोच बारीकसा अडखळा. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी त्याबद्दल बोलायचं टाळलं. बोलले असते तर खेळ मोडला असता.

मग एके दिवशी मी म्हटलं, "चला, शिंगाडे विकत घेऊ त्यांच्याकडून. ओळखही होईल."

आम्ही उन्हं वर यायच्या आत निघालो, पण काठानं चालत जाणं वाटलं त्यापेक्षा लांब निघालं. मध्ये चिखल, वळसे, बाभळीचे काटे. मी अशक्त, थांबत थांबत चालत होते. पलीकडं पोचायला थोडं अंतर राहिलं असताना हाक आली, समोरून, बाभळींच्या आडून.

"अवो, या जेवाले!"

आणि ओ आली. पण ती समोरून आली नाही. डाव्या हाताला पाणी होतं, पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती. ओ तिथून आली. अगदी हाताच्या अंतरावरून म्हणावी अशी.

"आलो वं!"

हे जागीच थांबले. मी यांचा सदरा धरला. त्या पानांवर एक पांढरा पक्षी लांब बोटांनी पाऊल टाकत चालला होता. बाकी काही नव्हतं. ना माणूस, ना डोकं, ना पाण्यावर तरंग. माझ्या कानातली घणघण थांबली होती आणि या वेळी ती परत सुरू व्हायला बराच वेळ लागला.

"बुडी मारून असेल तो," हे म्हणाले. "शिंगाडे काढतात ते लोक."

आम्ही उभे राहिलो. बुडी मारलेल्या माणसाला वर यावं लागतं. कुणी वर आलं नाही.

परत फिरावं असं मला वाटत होतं, पण हे पुढं चालू लागले. बाभळींच्या पलीकडं एक मोकळी जागा होती. तिथं घर नव्हतं. चार मातीचे ढिगारे होते, पूर्वीच्या भिंतींचे. वर छप्पर नाही, आढं नाही, दार नाही. मधली जमीन मात्र शेणानं सारवलेली, इतकी ताजी की अजून ओल होती. कोपऱ्यात तीन दगडांची चूल, तिच्यात निखारे. चुलीपुढं दोन ताटल्या मांडलेल्या. एक रिकामी, उष्टी. दुसरीत भाकरी आणि वांग्याची भाजी, वर पळसाचं पान झाकलेलं.

"कुणी आहे का?" यांनी विचारलं. यांचा आवाज वर्गात असतो तसा नव्हता.

मागच्या ज्वारीत काही तरी हललं आणि थांबलं. आम्ही तिथून निघालो.

संध्याकाळी माळीण दूध घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "पलीकडच्या काठावर कोण राहतं?"

"तिकडं? कोणीच नाही. काऊन?"

"रोज दुपारी एक बाई जेवायला हाक मारते."

"हाव, ते म्हातारी." माळणीनं चरवी खाली ठेवली. "घाबरू नका बाई, काही करत नाही ते कोणाले. येडी झाली बिचारी. तिचा मालक शिंगाडे काढे या तळ्यात. दोन घागरी उलट्या बांधून त्याच्यावर तरंगत जाये. असाच सकाळी गेला अन् आलाच नाही. घागरी सापडल्या, माणूस नाही सापडला. लई वर्सं झाले त्याले, मी लगीन होऊन आली नव्हती तवाची गोष्ट."

"मग ती अजून हाक मारते?"

"रोज. गावातून चालत येते, सारवते, रांधते, हाक मारते. तिचं एकच म्हणणं. त्या दिवशी दुपारी म्या हाक मारली अन् त्यानं ओ देली. लोक तिले समजावतात, अवं, तुह्या मालकाच्या घागरी तं सकाळीच रिकाम्या तरंगत होत्या, गुराख्यानं पाह्यल्या. दुपारी तो कुठून ओ देईन? पण नाही ऐकत. म्हणे रोज ओ देते. पोरगी दुसरबीडले देली हाये, ते किती दिवसांची बोलावून राह्यली, पण जात नाही. म्हणे मी गेली तं तो कोणाले ओ देईन."

हे दारात उभे होते. "तुम्ही इतक्या जवळ राहता," ते म्हणाले. "तुम्ही कधी ऐकली ती ओ?"

"कुठची ओ जी?" माळीण हसली. "म्हातारीची हाक येते ऐकू. ओ कोण देणार तिले?"

मी काही बोलणार तेवढ्यात यांनी माझ्याकडं पाहिलं. पण माळीण मूर्ख नव्हती. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग यांच्या. तिचं हसू गेलं. चरवी उचलून ती इतकंच म्हणाली, "बाई, तुमची तब्येत आता बरी दिसते. घरी सासूबाई वाट पाहत असतील."

त्या रात्री आम्ही कंदील लवकर मालवला आणि दोघंही जागे राहिलो. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली दुसरंच काही टोचत होतं. इतकी वर्षं त्या बाईला सगळं गाव सांगत होतं की तू ऐकलंस ते खोटं. माझ्या घणघणत्या कानांवर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. हे ओसरीवर नसते आणि यांनी मान वर केली नसती, तर मीही स्वतःला तेच सांगितलं असतं.

सकाळी मी म्हटलं, "मला तिला भेटायचंय."

"आपण आज घरी जाऊ."

"जाऊ. आधी तिला भेटून."

हे बरोबर आले, पण बाभळींपाशी थांबले. म्हणाले, "मी इथून दिसेन तुला." मी पुढं गेले.

या वेळी ती तिथं होती. वाळकी, उंच, डोक्यावरचा पदर कानांमागं खोचलेला. चुलीपुढं भाकर थापत होती. माझी चाहूल लागली तरी तिनं वर पाहिलं नाही.

"काल तूच आल्ती ना? सोबत तो बंगलीवरचा मास्तर होता."

"हो. तुम्ही ज्वारीत होता का?"

"लोक येतात कधी कधी येडी पाहाले. मंग मी बसतो ज्वारीत." ती स्वतःविषयी कधी कधी पुरुषासारखं बोलायची. "बस. जमीन वाळली आता."

मी बसले. तिनं भाकर उलटली, चुलीला टेकवली, ताटल्या पुसून मांडल्या. मग उठून पाण्याच्या दिशेला तोंड केलं आणि पदर सावरून हाक मारली. इतक्या जवळून ती हाक साधी होती. नवऱ्याला जेवायला बोलावणाऱ्या कुठल्याही बाईसारखी.

ओ आली.

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा म्हातारी माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडं निरखून बघत होती.

"तुले आलं ऐकू," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"नाही, अशी मान नको हलवू. मान तं सगळेच हलवतात मले गप करासाठी. सांग, काय म्हणते तो?"

"आलो वं," मी म्हटलं. "आणि त्याच्या आधी थोडा अडखळतो. श्वास घेतल्यासारखा."

तिनं माझं मनगट धरलं. पीठ लागलेला हात, गरम होता. "हे म्या कोणाले सांगलं नव्हतं," ती म्हणाली. "ओ देते इतकंच सांगत होतो. काय म्हणते ते कोणी पुसलंच नाही." मग बाभळीकडं बोट करून म्हणाली, "त्याले बी?"

हे लांब उभे होते. पण यांनी ऐकलं असावं, कारण यांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

म्हातारीनं एका ताटलीत भाकर आणि वांगं वाढलं. ती रडली नाही. मग ती ताटली तिनं माझ्यापुढं सरकवली. "रोज मी हे पाण्यात सोडतो. आज तू खाय."

नको म्हणायचं मला सुचलं नाही. भाकर गरम होती, वांगं तिखट. मी सगळं खाल्लं आणि ती बघत राहिली. तळ्यात कुठंही काही हललं नाही. निघताना तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि म्हणाली, "झालं माह्यं."

आम्ही त्या दिवशी घरी गेलो नाही. यांनीच उद्या निघू म्हटलं. मला वाटतं यांनाही दुसऱ्या दिवसाची हाक ऐकायची होती. पण दुसऱ्या दिवशी हाक आलीच नाही. दुपार गेली, ऊन उतरलं, पलीकडचा काठ गप्प राहिला. संध्याकाळी माळणीनं सांगितलं, "म्हातारी सकाळी गाडीत बसून दुसरबीडले गेली, पोरीकडं. गाठोडं घेऊन. गाव चाट पडलं." ती माझ्याकडं रोखून बघत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आत जेवायला बसलो होतो. सामान बांधून झालं होतं, पाटलांची गाडी यायची होती. हे ताकाचा घोट घेत होते. माझ्या कानातली घणघण अचानक थांबली आणि मी हातातला घास खाली ठेवला.

"आलो वं!"

ते तळ्यावरून नव्हतं. आमच्या पाठीमागून होतं, फळ्यांच्या भिंतीच्या पलीकडून, गाडीवाटेवरून. कुणी चालता चालता बोलावं आणि पुढं जावं तसं. हाक कुणीच मारली नव्हती.

हे उठले. मी नको म्हटलं तरी यांनी मागचं दार उघडलं. वाट रिकामी होती. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, पान हलत नव्हतं. वाट सरळ दुसरबीडकडं गेली होती आणि लांबपर्यंत दिसत होती. हे उंबऱ्यावर उभे राहून त्या वाटेकडं बघत राहिले, हातातला पेला तसाच. मग दार लावून घेतलं आणि कडी घातली. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना लागून ओसरीवर बसलो. त्या दिवसानंतर मला घणघण ऐकू आली नाही. औषधाचा अंमल उतरला असेल, डॉक्टर तसंच म्हणाले.

त्यानंतर त्याबद्दल हे माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाले, "पाण्यावरून आवाज येतो हे मी तुला सांगितलं होतं. वाटेवरून कसा येतो ते मला माहीत नाही." आणि वह्या तपासायला बसले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना आमची गाडी दुसरबीडला थांबली. बैलांना पाणी पाजेपर्यंत मी म्हातारीच्या मुलीचं घर विचारत गेले. घर रस्त्यालाच होतं. म्हातारी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. अंगानं भरली होती, डोळ्यांत काजळ होतं. तिनं मला लगेच ओळखलं आणि पोरीला पाणी आणायला सांगितलं.

पोरगी कौतुकानं म्हणाली, "आई इथं आल्यापासून एकदा बी हाक नाही मारली बाई तिनं. चांगली झाली."

ती पाणी आणायला आत गेली. म्हातारीनं मेथीची एक काडी मोडली आणि हळूच विचारलं, "मी निंघाल्यावर तुम्ही किती राह्यले तिथं?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो."

"मंग तुले आलं असन ऐकू."

"आलं."

"कोणत्या अंगानं?"

"वाटेच्या," मी म्हटलं. "मागून."

तिनं मान डोलावली, माझ्या मांडीवर थोडी मेथी टाकली आणि आम्ही दोघी मिळून ती निवडू लागलो.